सहा जणांचं टेबल

दुपारच्या सुट्टीत धाकटीनं हात पुसले, फोन नेहमीसारखा प्लॅस्टरच्या डब्याला टेकवून उभा केला, आणि पाहते तर तिचं टेबल जागेवर नव्हतं. टेबल म्हणजे पडद्यावरचं, पोकर नावाच्या पत्त्यांच्या खेळाचं. हिरवं, लांबट गोल, भोवती नऊ चकत्या आणि प्रत्येक चकतीत कुणीतरी घेतलेलं टोपणनाव. दीड वर्षं ती रोज दुपारी अर्धा तास त्या नऊ जणांत जाऊन बसायची. आज तिथे दोन ओळी होत्या : या स्तरावर नऊ जणांची टेबलं आता उपलब्ध नाहीत, कृपया सहा जणांच्या टेबलावर बसा. तिनं त्या पुन्हा वाचल्या. मग उगाचच मागे वळून पाहिलं, जणू कुणी खुर्च्या उचलून मागच्या खोलीत नेऊन ठेवल्या असतील. मागे फक्त फडताळ होतं, आणि त्यावर ओळीनं मांडलेले प्लॅस्टरचे जबडे, नंबर टाकलेले, सगळे किंचित उघडे. इतक्या वर्षांत तिला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. आज मात्र वाटलं, की ह्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि शब्द ओठांशी यायच्या आतच ह्यांचे साचे काढून घेतले.

ती कवळ्या बनवायची. एकोणतीस वर्षं एकाच ठिकाणी, उत्तरेकडे खिडकी असलेल्या त्याच बाकावर. दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे, ती त्यात प्लॅस्टर ओतायची, घट्ट झालं की मेणाची कड उभी करायची आणि त्या मेणात एकेक दात बसवायची. वरच्या चार दातांतला कडेचा एखादा ती मुद्दाम केसभर तिरका लावत असे. सगळे सरळ लावले की माणूस खोटा हसतो, असं तिचं मत होतं. हे मत तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मालकांच्या ते लक्षात आलेलं असावं, कारण अवघड तोंडं ते तिच्याकडेच पाठवत. तेही काही बोलत नसत. त्या खोलीत बोलण्याचं काम यंत्रं करायची.

पोकर तिला भाच्यानं शिकवलं होतं. थोरला भाऊ गेला तेव्हा त्याचा हा मुलगा महिनाभर रजा काढून आला होता, आणि घरातली शांतता त्याला सोसेना म्हणून त्यानं फोनवर हे टेबल उघडून आत्याच्या हातात दिलं. प्रत्येकाला दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच. एकेक फेरीला दोघांना पानं बघायच्या आधीच थोडीशी बोली सक्तीनं लावावी लागते, त्याला ब्लाइंड म्हणायचं, आणि ही सक्ती टेबलाभोवती फिरत राहते. खेळ अगदी चिल्लर रकमेचा, हरून हरून माणूस किती हरेल? धाकटीला जिंकण्याहरण्याचं अप्रूप नव्हतंच. तिला आवडलं ते थांबणं. नऊ जणांत सक्तीची पाळी निवांत येते. तोवर पानं बघावीत, नापसंत असली तर टाकावीत, ह्या टाकण्याला फोल्ड म्हणत. दहा वेळा मिळाली तर नऊ वेळा ती टाकायची. एक्का-राजा आला, राणीची जोडी आली, तरच हात पुढे करायची. बाकी वेळ बाकीचे आठ जण काय करतात ते बघत बसायची. कोण उतावळा, कोण रुसलेला, कोण सारखा डिवचतोय. तिच्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. "आत्या, तू फार शिस्तीची आहेस," भाचा म्हणाला होता, आणि तिला तो गुण वाटून बरं वाटलं होतं.

तिच्या तरुणपणीही घरात जेवायला नऊ माणसंच असत. आई-वडील, वडिलांची बहीण, तीन भाऊ, दोन वहिन्या आणि ती. दोन टेबलं जोडून एक केलेलं, आणि जोडाची फट जिथे येई तिथेच नेमकी तिची जागा, कारण ती सगळ्यांत धाकटी. एक टेबल दुसऱ्यापेक्षा बोटभर उंच होतं, त्यामुळे तिचं ताट नेहमी एका अंगाला कललेलं असायचं आणि पातळ पदार्थ कडेला जमा व्हायचा. बोलणी डोक्यावरून जात. कुणाला कुठल्या शाखेत घालायचं, खोल्यांना कुठला रंग, कुणाशी संबंध ठेवायचा आणि कुणाशी तोडायचा, सगळं जेवताना ठरे. वडील रीतसर प्रत्येकाला विचारत, थोरल्यापासून खाली. तिच्यापर्यंत येईतो अन्न निवलेलं असे आणि निकाल लागलेला असे. "तुझं काय, धाकटे?" "तुम्ही म्हणाल तसं." हे इतकं पाठ झालं होतं, की मधला भाऊ तिच्या आवाजात तिच्या आधीच ते म्हणून टाकायचा. सगळे हसत. तीही हसे. त्या हसण्यात ऊब होती, हे खोटं नाही. आपल्याला काही ठरवायचं नाही, ही सुद्धा एक गादी असते, आणि ती त्या गादीवर झोपली होती.

सहा जणांच्या टेबलावर ती बसली ते दुसरं काही नव्हतं म्हणून. पहिल्या आठवड्यातच काय बिघडलंय ते तिला कळेनासं झालं. ती नेहमीसारखीच खेळत होती, म्हणजे नेहमीसारखीच टाकत होती. एकही डाव मोठा हरली नव्हती. तरीही तिच्या पैशांची चवड रोज वितळत होती, खिडकीतल्या उन्हात मेण सोडलं तर जसं कडेकडेनं ढिलं पडत जातं तशी. पानं टाकली की लगेच पाळी, टाकली की पुन्हा पाळी. इथली माणसंही वेगळी. कुणी वाट बघत नव्हतं. फालतू पानांवर बिनदिक्कत बोली चढवत, पकडले गेले तर पुढच्या डावाला पुन्हा तेच. ती शांत बसली की त्यांना कळायचं की ही शांत बसली आहे. सहा जणांत गप्प माणूस दिसतो.

तिनं भाच्याला फोन केला. तो दूरच्या शहरात, समुद्रापलीकडे, बायको आणि लहान मुलीबरोबर राहायचा.

"अगं, त्यात काय," तो म्हणाला. "नऊ जणांत थांबणं म्हणजेच खेळणं. सहा जणांत थांबलीस की संपलीस. ब्लाइंड लवकर येतो ना, तोच तुला खातो. तुला जास्त पानं खेळावी लागतील, आत्या. जी तिकडे टाकायचीस ती इकडे चालतात."

"वाईट पानं कशी चालतील?"

"वाईट नसतात गं ती. माणसं कमी झाली की समोर कुणाकडे भारी पानं असण्याची शक्यताच कमी होते. तीच पानं, पण किंमत बदलते." मग तो म्हणाला, "आणि थँक्यू हं. मला वाटलं होतं तू मोडता घालशील."

"कशाला?"

"आईला इकडे आणायचं ते. आई म्हणाली, धाकटीची काही हरकत नाही. महिनाअखेरचं तिकीट काढलंय मी."

धाकटी "बरं" म्हणाली. फोन ठेवल्यावर ती बाकावर येऊन बसली आणि समोरच्या कवळीत वरचे पुढचे सहा दात तिनं बसवले, ते अगदी सरळ बसले, एकही तिरका न जाता. मालक जाताजाता क्षणभर थबकले, त्यांनी ती कवळी उचलून उजेडात धरली, आणि परत ठेवली.

हरकत नाही असं तिनं कधी म्हटलं होतं? ती आठवू लागली आणि आठवणीत धुकं शिरलं. गेले कितीतरी दिवस घरात त्या दोघीच होत्या, ती आणि थोरली वहिनी, भाच्याची आई. बाकीची माणसं एकेक करून उठून गेली होती. कुणी दुसऱ्या गावी, कुणी दुसऱ्या घरी, कुणी कायमचं. जोडलेल्या टेबलांपैकी उंच होतं ते कुणीतरी नेलं, बुटकं उरलं. त्यावर दोघी समोरासमोर जेवत. दोघींतली एक गप्प बसली की अख्खं घर गप्प बसतं. वहिनी विचारायची, "भाजीत मीठ कमी पडलंय का?" आणि धाकटी म्हणायची, "नाही, ठीक आहे." वहिनी मग स्वतःच उठून मीठ घेऊन यायची. दहादा विचारून एकच उत्तर येतं, तरी ती अकराव्यांदा का विचारायची? धाकटीला हे कोडं तेव्हा पडलं नव्हतं. आता ते मेणाच्या वासातून, प्लॅस्टरच्या थंड ओल्या वासातून वर येत होतं. आणि मग आठवलं. पांघरुणं वाळत घातलेली, ती दोघी मिळून काढत होत्या. दोघींच्या हातात दोन-दोन कोपरे, मध्ये पांघरूण ताणलेलं, आणि त्याच्या पलीकडून वहिनी म्हणाली होती, "तो बोलावतोय मला. जाऊ का गं?" धाकटी कोपरे जुळवत पुढे चालत गेली, वहिनीच्या हातात तिनं आपले कोपरे दिले, आणि म्हणाली, "तुम्हाला वाटेल तसं." बोटांना बोटं लागली होती. वहिनीची थंड होती.

असंच ती एकदा पूर्वी म्हणाली होती. त्या वेळी दवाखान्यांतून ठसे घेऊन एक माणूस यायचा, त्याला सगळे ठसेवालाच म्हणत. ओल्या फडक्यांत गुंडाळलेले ठसे तो बाकावर उलगडायचा, तान्ह्या मुलाला उतरवून ठेवावं तसे, आणि त्यांच्याकडे बघून माणसं सांगायचा. "हे गृहस्थ झोपेत दात खातात. रागीट असतील, पण घरात नाही." "ह्या बाईंनी उजव्या बाजूनं चावणं सोडलंय बरं का, फार दिवस झाले." धाकटी हसायची. एकदा त्यानं विचारलं, "तुमचा ठसा घेतला तर काय दिसेल?" आणि तिनं ओली फडकी गोळा करून त्याच्या हातात दिली. महिन्याभरानं त्यानं घरी निरोप पाठवला. घरात त्यावर जेवताना बोलणं झालं. माणूस चांगला आहे, पण दुचाकीवरून ठसे पोचवतो, पुढे काय, असं थोरला भाऊ म्हणाला. वडिलांची बहीण म्हणाली, घाई कशाला. मधल्याला हसू येत होतं. वडील खाली येत येत तिच्यापर्यंत पोचले. तिच्या तोंडात त्या क्षणी एक शब्द होता. तिला त्याचा आकार जाणवत होता, जिभेवर, टाळूला लागलेला. ताटातलं पातळ कडेला आलं होतं, आणि ते सांडू नये म्हणून ती ताट धरून बसली होती. "तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. समोर नवी आलेली थोरली वहिनी बसली होती. तिनं डोळे वर करून धाकटीकडे पाहिलं, फक्त पाहिलं, आणि पुन्हा जेवू लागली. ठसेवाला आणखी दोन महिने येत राहिला. ठसे ठेवायचा, सही घ्यायचा, जायचा. मग दुसराच कुणी येऊ लागला.

ते दिवस, महिनाअखेरीपर्यंतचे, पाण्याखालून चालल्यासारखे गेले. घरी वहिनीची बांधाबांध सुरू होती आणि बाकावर दुपारचं ऊन प्लॅस्टरच्या धुळीतून तिरपं उतरत होतं. त्या उजेडात सगळंच सावकाश होई. धाकटी सहा जणांच्या टेबलावर रोज बसू लागली, आता मात्र वेगळ्याच कुतूहलानं. भाचा म्हणाला ते खरं होतं का? एक दिवस दोघं उठून गेले, मग आणखी दोघं, आणि टेबलावर ती आणि एकच जण उरलं. नाव होतं ओलीमाती. बाई की बुवा कळायला मार्ग नव्हता. दोघंच उरल्यावर सक्तीची बोली प्रत्येक डावात दोघांनाही लावावी लागते. सवड अशी उरतच नाही. तिच्या हातात इस्पिकची राणी आणि चौकटची सत्ती आली. नऊ जणांत ही पानं तिनं शेकडो वेळा न बघितल्यासारखी टाकली होती. तिचं बोट सवयीनं फोल्डकडे गेलं, आणि तिथेच थांबलं. समोर एकच माणूस. त्याच्याकडे असून असून काय असेल? राणी आणि सत्ती. बिचारी काही एवढी वाईट नव्हती.

तिनं बोली वाढवली. मध्ये तीन पानं उघडली, त्यात एक सत्ती. ओलीमातीनं आणखी वाढवलं. तिनं बरोबरी केली. चौथं पान, पाचवं पान. ओलीमातीनं जे होतं ते सगळं लावलं. आता टाकावीत, असं एकोणतीस वर्षं, पन्नास वर्षं तिच्या आत बसलेलं कुणीतरी म्हणालं. तिनं बरोबरी केली. पानं उघडली. समोर अठ्ठ्यांची जोडी होती, तिच्या सत्त्यांच्या जोडीला वरचढ. तिची चवड सरकत सरकत पलीकडे गेली आणि तिच्या चकतीखाली शून्य आलं.

ती बसून राहिली. हरली होती, रीतसर, सगळं देऊन. छातीत काहीतरी दुखेल म्हणून ती वाट बघत होती, पण दुखलं नाही. उलट हात हलके वाटत होते, जड पिशवी खाली ठेवल्यावर वाटतात तसे.

"काय झालं?" मालकांनी विचारलं.

"हरले," ती म्हणाली.

मालकांनी चष्मा वर केला. हे उत्तर त्यांना नवीन होतं. "बरं," ते म्हणाले, आणि चष्मा पुन्हा खाली घेत, "काय होतं हातात?"

"राणी आणि सत्ती."

"वाईट नाही," मालक म्हणाले. ह्यांनाही हा खेळ येतो हे धाकटीला एकोणतीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी वहिनी पलंगावर स्वेटरांच्या घड्या घालत बसली होती. तिकडे थंडी फार, म्हणून कपाटातलं सगळं लोकरीचं बाहेर आलं होतं. धाकटी दारात उभी राहिली.

"वहिनी, तुम्ही जाऊ नका."

वहिनीनं हातातल्या स्वेटरच्या बाह्या आत दुमडल्या. "काय म्हणालीस?"

"जाऊ नका म्हणाले. मला एकटीला राहायचं नाही. मला तुम्ही इथे हव्या आहात."

वहिनीनं स्वेटर ढिगावर ठेवला, परत उचलला, घडी मोडली. "मी तुला विचारलं होतं," ती हळू म्हणाली.

"हो."

"समोर उभी राहून विचारलं होतं. आणि तू पांघरूण माझ्या हातात देऊन निघून गेलीस."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणून काय करू आता?" वहिनीचा आवाज चढला नाही, पण त्यात धार आली. "मला वाटलं होतं, ही एकदा तरी नको म्हणेल. मी मीठ विचारते, ठीक. पडदे विचारते, ठीक. जाऊ का विचारलं, तरी ठीक. भिंतीला विचारल्यासारखं वाटतं गं. तिकडे नातीला फोनवर विणलेलं काही दाखवून विचारलं ना, तर ती म्हणते, आजी, हे घाणेरडं झालंय. इतकं बरं वाटतं मला."

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. दोघींच्या मध्ये लोकरीचा ढीग होता. "मला तो आवडायचा," ती म्हणाली. "ठसेवाला."

"ठाऊक आहे."

"तुम्ही पाहिलं होतं माझ्याकडे."

"नवीन होते मी. मला तोंड उघडायची सोय नव्हती त्या घरात. पण मनात म्हणत होते, बोल, बोल, अगं बोल." वहिनीनं डोळे पुसले, आणि मग त्याचाच राग आल्यासारखा स्वेटर झटकला. "आणि आता बोललीस. आता माझं मन तिकडे लागलंय. मला जायचंय, धाकटे. सकाळी शाळेत जाताना नातीची वेणी मला घालायचीय. तू अडवलंस ते मला आवडलं, पण मी जाणार."

"जा मग," धाकटी म्हणाली. हे 'तुम्हाला वाटेल तसं' नव्हतं, आणि ते दोघींनाही ऐकू आलं.

"तू चल ना. त्याच्याकडे एक खोली आहे रिकामी."

"नाही."

शब्द इतका पटकन आला, की धाकटी स्वतःच दचकली.

"माझं काम इथे आहे," धाकटी म्हणाली. "आणि मला कुणाच्या घरात पाहुणी होऊन राहायचं नाही."

वहिनी हसू लागली. आधी नुसते खांदे हलले, मग तोंडावर स्वेटर दाबून ती हसली, आणि धाकटीलाही हसू फुटलं. ऊन खिडकीच्या चौकटीवरून हळूहळू भिंतीवर चढलं, भिंतीवरून निघून गेलं, आणि दोघी दिवा न लावता त्या ढिगाच्या दोन बाजूंना बोलत बसल्या. नवऱ्याबद्दल वहिनी बोलली, म्हणजे धाकटीच्या थोरल्या भावाबद्दल, जे धाकटीनं कधी ऐकलं नव्हतं. धाकटीनं मग सांगितलं, की भाजीत मीठ नेहमीच कमी असतं, तीस वर्षं कमी असतं. "बघ बाई," वहिनी म्हणाली, "आणि मी मेली तीस वर्षं स्वतःच्याच जिभेला दोष देतेय."

महिनाअखेरीला वहिनी गेली. विमानतळावर काचेच्या पलीकडे गेल्यावर तिनं हात केला, आणि मग गर्दीत तिची राखाडी शाल तेवढी काही वेळ दिसत राहिली.

घर जितकं मोठं होईल असं धाकटीला वाटलं होतं, त्याहून मोठं झालं. खोल्यांत चालताना स्वतःच्या पावलांमागून आणखी कुणी चालतंय असं वाटे, आणि ती थांबली की तेही थांबे. एका ताटाला पुरेल इतकं शिजवणं तिला जमेना, रोज उरायचं. बाकावर ती पूर्वीसारखीच मान खाली घालून दात लावी, पण एक दिवस मालकांना तिनं आपण होऊन सांगितलं, की कडेचा दात आपण तिरका का लावतो. मालक म्हणाले, "माहीत आहे, पण का ते आज कळलं." एवढंच. ते ऐकूनही तिला घरी गेल्यावर ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला कुणी नव्हतं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तिकडची थंडी, नातीची शाळा, सुनेचा स्वभाव चांगला आहे पण कपाटं नीट लावत नाही, असं सगळं सांगून झालं. मग वहिनी म्हणाली, "बाकी तुझं तिकडे सगळं ठीक ना?"

धाकटीचं तोंड नेहमीच्या शब्दासाठी उघडलं होतं.

"नाही," ती म्हणाली.

पलीकडे नात काहीतरी मागत होती. वहिनीनं तिला गप्प केलं, पावलांचा आवाज आला, एक दार लागलं.

"थांब, आत येऊन बसते," वहिनी म्हणाली. "हं. आता सांग."

धाकटीनं फोन दुसऱ्या कानाला लावला, आणि स्वयंपाकघरातल्या गळक्या नळापासून सुरुवात केली.